तू दयाबाई नव्हेस, पियेदाद मावशी

मावशी, काल तुझ्या नावाची पाटी लागली, आणि तिच्यावर तुझं नाव नाही.

संगमरवर चांगला आहे. अक्षरं काळी आणि ठसठशीत आहेत. 'कै. दयाबाई प्रसूतिकक्ष.' वर झेंडूचा हार होता, समोर खुर्च्या होत्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या खोलीत तू अर्धं आयुष्य उभ्यानं काढलंस, त्या खोलीच्या दारावर आता दुसरीच कुणी बाई जाऊन बसली आहे. तिला तू कधी पाहिलेलं नाहीस, मीही नाही. तुझ्याविषयी लिहायला बसेन तेव्हा रडू येईल असं मला वाटलं होतं. रडू येत नाही. संताप येतो. आधी तोच तुझ्यापुढं ठेवते.

तू गेलीस त्याच आठवड्यात शोकसभा झाली. प्रसूतिगृहाच्या समितीची सगळी मंडळी होती. अध्यक्षांनी तुला 'दयेची मूर्ती' म्हटलं आणि तिथंच घात झाला. चिटणीस उठले आणि म्हणाले की खोलीला बाईंचं नाव द्यायचं ठरलं आहे, पण ते आपल्या भाषेत द्यायचं. पाद्रीसाहेबांना विचारून त्यांनी खात्री केली होती. नावाचा अर्थ दया.

"अर्थ तोच आहे," ते म्हणाले. "मग परका शब्द कशाला कोरायचा? परदेशी कापडाची होळी केली आपण, आणि परदेशी नाव तेवढं दारावर मिरवायचं?"

मी उभी राहिले. मी म्हटलं, "साहेब, पण ते त्यांचं नाव होतं."

"नीलाबाई, सून घरात आली की आपण तिचं नाव बदलतोच की. रागानं बदलतो का? प्रेमानं. ह्या बाई गोव्याहून आल्या, सोलापूरच्या झाल्या. सोलापूरनं त्यांना आपलं नाव दिलं. ह्यात अपमान कुठं आला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "आणा ताट, पसरा तांदूळ!" आणि सभा हसली. तुझी शोकसभा, मावशी, खदखदून हसली.

चिटणीस वाईट माणूस नाहीत, हेच तर अवघड आहे. खादी घालतात, तुरुंगात जाऊन आले आहेत, विधवांच्या शाळेसाठी दारोदार फिरतात. मला शाळेत नोकरी मिळाली ती त्यांच्या शब्दामुळं. दुष्ट माणसानं तुझं नाव पुसलं असतं तर मला भांडायला सोपं गेलं असतं. ह्यांनी ते हार घालून पुसलं.

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, हे तू पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा घरी येऊन किती वेळ बोलत होतीस, आठवतं? खालच्या आळीतलं लग्न होतं. तुला वाटलं, काहीतरी खेळ चालला आहे. मग मुलीची सासू तिला नव्या नावानं हाक मारू लागली आणि मुलगी वळेचना. तू मला विचारलंस, "नीलू, त्या पोरीचं जुनं नाव गेलं कुठं गो?"

मी म्हटलं, "माहेरी राहिलं."

"माणूस इथं आणि नाव तिथं? मग दुखेल तेव्हा हाक कुणाला मारायची?"

नावं बदलतात हे तुला खोलीतून ठाऊक होतं, ती कशी बदलतात ते त्या दिवशी पाहिलंस. तो प्रश्न तुझ्या कामात आधीपासूनच होता. खोलीत आलेल्या प्रत्येक बाईला तू आधी विचारायचीस, "माहेरचं नाव काय?" कळा सुरू झाल्या की त्याच नावानं हाक मारायचीस. सासूला राग यायचा. एक सासू दाराबाहेरून म्हणाली होती, "अवो नर्सबाई, आमच्या सुनंचं नाव सरस्वती हाय, तुमी चिमी चिमी काय लावलंय?" तू आतून ओरडलीस, "सरस्वती तुमच्या घरी भाकऱ्या थापते. बाळंत होतेय ती चिमी!" आणि चिमी कळांमध्येसुद्धा हसली. मी तेव्हा दाराबाहेर बाकावर इंग्रजीचे शब्द पाठ करत होते. इंग्रजी विसरले तरी हे विसरणार नाही.

माझी आई, मैंदर्गीची पार्वतव्वा, तुझ्याकडे आली ती अशीच. गाडीत बसवून अक्कलकोटवरून आणली होती तिला, दोन दिवस अडलेली. माहेरी ती निंगव्वा. सासरी नणंदेचं नाव तेच होतं म्हणून हिचं बदललं. तू 'निंगव्वा, निंगव्वा' म्हणत तिला ह्या काठावर आणलंस. आई वाचली, बाळ वाचलं नाही. आत्यानं बाळ लगेच फडक्यात गुंडाळलं. आमच्याकडे तशीच रीत, आईच्या नजरेला पडू द्यायचं नाही. तू तिच्या हातातून ते काढून घेतलंस, पुसलंस, आणि आईच्या मांडीवर ठेवलंस.

आत्या किंचाळली, "अपशकुन हाय बाई त्यो!"

"आई आहे ती त्याची," तू म्हणालीस. "नऊ महिने बोलली त्याच्याशी. एकदा तोंड बघू दे."

आईनं किती वेळ त्याला धरलं मला माहीत नाही. पण त्यानंतर जन्मभर आईनं दोनच माणसांवर डोळे मिटून विश्वास ठेवला, एक कुलदैवत आणि दुसरी तू. म्हणून तर व्हर्नाक्युलर फायनल झाल्यावर मला पुढं शिकवायचं ठरलं तेव्हा तिनं तुझं घर सुचवलं. साऱ्या भावकीनं डोकं धरलं. लिंगायताची पोर किरिस्तावाच्या घरात! आई मला घेऊन तुझ्या दारात उभी राहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, "अंडं तर न्हाय न्हवं खायला घालणार माज्या पोरीला?"

"अंडं मलाच मिळत नाही गो निंगव्वा. डाळ खाते का तुझी पोर?"

"खाती की. लई खाती."

एवढ्यावर करार झाला. त्या डाळीवर मी हायस्कूल केलं, त्या डाळीच्या जोरावर पुण्याला जाऊन बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. वडील मैंदर्गीच्या बाजारात मिरची विकायचे आणि सही करताना जीभ बाहेर काढायचे. निकालाची तार आली तेव्हा तू खोलीत जाऊन बाळंतिणींना म्हणालीस, "आज कळा जरा दाबून धरा, आमची नीलू बी.ए. झाली!" तुझे आभार मी कधी नीट मानले नाहीत. मानू लागले की तू म्हणायचीस, "आधी ते पातेलं उतर."

मग तुझं नाव. मला ते पाठ आहे, तूच शिकवलंस म्हणून. पाळण्यातलं, म्हणजे तुमच्या इगर्जीत पाद्रीनं डोक्यावर पाणी घालून ठेवलेलं, पुरं नाव मारिया दा पियेदाद. आधीच्या इंग्रज डॉक्टरणीनं त्यातला पहिला शब्द उचलला आणि तुला मेरी करून टाकलं. तू मला म्हणाली होतीस, "आमच्या गावात विहिरीवर जाऊन मारिया म्हणून हाक मार. सगळ्या बायका घागरी ठेवून वळतील. ते नाव नाही गो, तो नुसता उंबरठा. नाव पुढं आहे."

पुढं पियेदाद. शब्द पोर्तुगीज, त्यांनी तो लॅटिनमधून घेतलेला. कॉलेजात आल्यावर मी प्रोफेसरांना विचारून आले होते आणि तुला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की जुन्या रोमी लोकांत त्याचा अर्थ देवाविषयी, आईबापांविषयी माणसाला असणारी निष्ठा. करुणा हा अर्थ नंतरचा. तू ऐकून घेतलंस. मग भिंतीवरची तसबीर दाखवलीस. ती मी इतकी वर्षं रोज पाहत होते आणि कधी पाहिली नव्हती. क्रुसावरून उतरवलेला मुलगा मांडीवर घेऊन बसलेली आई. तुमच्या दिवाडी बेटावरची पियेदाद सायबीण, येशूची आई.

"दया म्हणतात लोक," तू म्हणालीस. "दया वरून खाली करतात. ही बघ, ही जमिनीवर बसली आहे. ही कुणावर दया करते? हिचा मुलगा मेला आहे."

त्या दिवशी मला आईच्या मांडीवरचं ते बाळ आठवलं. हे तुला सांगायचं राहिलं. आत्याच्या हातातून तू बाळ का काढून घेतलंस, हे मला तेव्हा कळलं. तू दयाळू होतीस म्हणून नव्हे. दयाळू माणसानं आईला ते दृश्य दाखवलं नसतं, आत्याही दयाळूच होती. तू तुझ्या नावाला जागलीस. आता म्हणू देत चिटणीस, 'अर्थ तोच आहे' म्हणून!

आपलं भांडण अर्धं राहिलं, तेही लिहिते. एका सुट्टीत मी इतिहासाचं डोकं भरून पुण्याहून आले होते. तू चुलीवर फडकी उकळत होतीस. मी म्हटलं, "मावशी, हे नाव तुमच्यावर लादलेलं आहे. तुमच्या कुणा खापरपणजीचं नाव पार्वती नाहीतर शांता असेल. फिरंग्यांनी ते पुसलं."

"असेल," तू म्हणालीस.

"मग तुला चीड येत नाही?"

"येते की. पण मला हे नाव फिरंग्यानं ठेवलेलं नाही. माझ्या शामायनं ठेवलं." शामाय म्हणजे बापाची आई. तुमच्यात पहिल्या मुलीला तिचंच नाव मिळतं, आणि तीच मादीन, धर्माची आई, होऊन बाळाला हातात धरते. "तिनं मला धरलं आणि स्वतःचं नाव मला दिलं. तिला तिच्या शामायनं दिलं होतं. हातातून हातात आलेलं आहे ते, नीलू. ताटातून नाही."

"पण सगळ्यांत पहिलीचं?"

तू काठीनं फडकी खाली-वर करत राहिलीस. "तिचं जुनं नाव कुणाला ठाऊक नाही. ते पुसलं, खरं आहे. म्हणून आता हेही पुसायचं?"

"पुसायचं नाही, परत द्यायचं."

"काय परत देणार? तुला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही द्याल ते तुमच्या आवडीचं..." तेवढ्यात खोलीतून कुणी हाक मारली आणि तू काठी माझ्या हातात देऊन गेलीस. परत आलीस तेव्हा तुझ्या हाताला रक्त होतं आणि चेहऱ्यावर हसू. मुलगी झाली होती. भांडण राहून गेलं.

ते काल पुरं झालं असं मी म्हणणार नाही. मला अजून वाटतं की त्या पहिल्या बाईवर अन्याय झाला. पण शोकसभेत चिटणीस बोलू लागले तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, तो अन्याय करणारी माणसंसुद्धा अशीच दिसत असतील. प्रेमळ, समाधानी, आणि समोरच्याला विचारायची गरज न वाटणारी.

तर कालचं. पाटी उघडायचा मान अध्यक्षांच्या पत्नीला होता. तू त्यांना ओळखतेस, तुझ्याच हातून बाळंत झालेल्या. सगळ्या त्यांना रमाबाई म्हणतात. कुठल्याही समारंभात त्या मधल्या खुर्चीत बसतात, दोरी ओढतात, नमस्कार करतात. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी दोरी ओढली. मग आभाराचे दोन शब्द बोलायला मला उठवलं. 'बाईंनी घडवलेली पदवीधर कन्या' म्हणून चिटणिसांनी ओळख करून दिली. आदल्या दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "नीलाबाई, ज्यांनी उभं केलं त्यांच्याविरुद्ध उभं राहू नये." मी रात्रभर तेच घोकत होते. सकाळी वाटलं, मला उभं केलं ते नेमकं कुणी?

मी म्हणाले, "आभार मानते. पण ज्यांचे मानायचे त्यांचं नाव ह्या दगडावर नाही. त्यांचं नाव पियेदाद." आणि मग सगळंच सांगितलं. शामाय, सायबीण, मांडीवरचा मुलगा. शेवटी मागं बसलेल्या बायकांना विचारलं, "तुम्हांला माहेरच्या नावानं हाक मारली ती कुणी?" विणकरांच्या आळीतल्या होत्या, गिरणीतल्या होत्या, अंगावर लेकरं घेऊन आल्या होत्या. कुणी म्हणाली पिदाबाई, कुणी पिदव्वा. चिटणीस हसून म्हणाले, "पाहा! ह्यांना तरी कुठं येतं ते नाव?"

मावशी, तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले, "त्यांनी ते वापरून झिजवलंय. तुम्ही काढून टाकलंय." नोकरी ह्याच मंडळींच्या शाळेत आहे, वडील थकले आहेत, धाकट्या भावाचं शिक्षण माझ्यावर आहे. हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. तरी बसले नाही.

अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "भावना कळतात. पण आता दगड कोरला. त्याला काय करणार?"

तेव्हा मधल्या खुर्चीतून आवाज आला, "दगडाला दुसरी बाजू असते की."

रमाबाई होत्या. अध्यक्षांनी मान वळवली. "आपण घरी बोलू."

"घरी आपण बोलतो कुठं?"

मागच्या बायका फसकन हसल्या. शोकसभेतल्या हसण्याहून हे हसू वेगळं होतं. रमाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि पाटीकडे न बघता बोलल्या. "माझं नाव गोदू. नवव्या वर्षी लग्न झालं, त्या दिवसापासून मला त्या नावानं कुणी बोलावलं नाही. पहिल्या खेपेला ह्या खोलीत मी मरायला टेकले होते. बाईंनी गोदू म्हणून हाक मारली. मला वाटलं आईच आली. मी फिरले मागं." मग नवऱ्याकडे पाहून हळूच विचारलं, "तुमच्या लक्षात होतं का हो, गोदू?"

मला अध्यक्षांची कीव आली, खोटं कशाला सांगू. चिटणिसांनी घाईनं जाहीर केलं की ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी उद्या दुपारी समितीपुढं यावं, समिती विचार करील. 'विचार करील' हे ते कसं म्हणाले ते तू ऐकायला हवं होतंस. बाजारात माल घ्यायचा नसला की माणूस 'येतो फिरून' म्हणतो, तसं.

म्हणून मी आज हे सकाळपासून लिहीत बसले आहे. तुला सांगितल्याशिवाय समितीपुढं जायचं नव्हतं. ते काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. कृतघ्न म्हणतील. शिकून शेफारली म्हणतील. मिरचीवाल्याची पोर म्हणतील, ते तर खरंच आहे. कदाचित पाटी फिरवतील, कदाचित मला शाळेतून काढतील, कदाचित दोन्ही. पण उपकार मानायचे म्हणजे खोट्या नावाला हात जोडायचे, एवढं माझ्याच्यानं होणार नाही. ज्यांचे उपकार मोठे, त्यांच्यासाठी भांडावंच लागतं. तू असतीस तर ह्या वाक्यावर हसली असतीस आणि म्हणाली असतीस, नीलू, भाषण नको, जेवून जा.

जेवले मी. डाळच केली होती.

आत्ता रमाबाईंचा निरोप आला की एकटी जाऊ नको, टांगा घेऊन येते, विणकर आळीतल्याही दोघीतिघी येतायत, मागं दाटीवाटीनं बसू. लिहिते आहे तोच खाली घोड्याचे घुंगरू वाजले. कुणीतरी हाक मारते आहे, आणि दुसरी तिला ओरडते आहे, "अगं गोदाबाई, जरा दम धर की, तिला चप्पल तरी घालू दे!"

येते, मावशी.